‘साधी गाठ’ : जठरातील चरबीची गाठ, रक्तस्राव आणि माणसाच्या पोटात डोकावण्याचा इतिहास

१/ #थ्रेड #वैद्यकाचा_इतिहास
गाठ चरबीची आहे, कर्करोगाची नाही, असे कळले की ‘साधी गाठ आहे’ म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण हीच साधी गाठ जठराच्या भिंतीत वाढली, तर एखाद्या धडधाकट माणसाला रक्ताची उलटी होऊ शकते. ‘साधी’ आणि ‘धोक्याची’ हा भेद माणसाने कसा शिकला, आणि तो शिकताना कोणाकोणाची शरीरे उघडली गेली, याचा हा इतिहास. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम गाठीचा परिचय. वैद्यकात हिला ‘लायपोमा’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘लिपोस’ म्हणजे चरबी. दंडावर, पाठीवर, मानेवर त्वचेखाली हाताला लागणारी, बोटाने दाबली तर सरकणारी मऊ गाठ अनेकांच्या परिचयाची असते. जठरात मात्र ती दुर्मीळ. जठरात आढळणाऱ्या सर्व गाठींमध्ये तिचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी मानले जाते. ती बहुधा जठराच्या खालच्या भागात, आतड्याकडे उघडणाऱ्या तोंडाच्या अलीकडे, आतल्या अस्तराच्या खाली वाढते.

३/ मग मऊ चरबीतून रक्त कसे येते? रक्त मुख्यतः चरबीतून येत नाही. ते वरच्या अस्तरातून येते. गाठ मोठी होत गेली की तिच्यावरचे अस्तर ताणले जाते, त्याचा रक्तपुरवठा तोकडा पडतो. त्यात अन्नाचे घर्षण, जठराच्या आकुंचनाचे धक्के आणि आम्ल यांची भर. अस्तर झिजून तेथे व्रण पडतो आणि व्रणाच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी उघडी पडते. लहान गाठी बहुधा आयुष्यभर मुक्या राहतात; तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या गाठी त्रास देऊ लागतात.

४/ हा रक्तस्राव दोन रूपांनी प्रकटतो. वेगाने झाला तर रक्ताची उलटी. संथ झाला तर आम्लाच्या संपर्काने रक्त काळे पडते आणि शौचास डांबरासारखे काळे होते. कधी तेही ध्यानात येत नाही. माणूस केवळ फिकट पडत जातो, जिना चढताना धापा टाकू लागतो. प्राचीन ग्रीक वैद्यांनी या काळेपणाची नोंद केली होती. हिप्पोक्रेटीसच्या परंपरेतील ग्रंथांत ‘काळा रोग’ येतो, आणि आजचा ‘मेलेना’ हा शब्दही ‘काळा’ या ग्रीक शब्दावरूनच आला.

५/ आपल्याकडे चरकसंहितेत ‘रक्तपित्त’ या नावाखाली शरीराच्या वरच्या व खालच्या मार्गांनी होणाऱ्या रक्तस्रावाचा विचार आहे. (मराठीत पूर्वी कुष्ठरोगाला ‘रक्तपिती’ म्हणत, त्याच्याशी याची गल्लत करू नये.) वरच्या मार्गाने जाणारे रक्त साध्य, खालच्या मार्गाने जाणारे याप्य, म्हणजे केवळ काबूत ठेवता येण्याजोगे, आणि दोन्हीकडून जाणारे असाध्य, अशी ती वर्गवारी. रक्त कोठून बाहेर पडते यावरून रोग्याचे भवितव्य सांगण्याचा तो प्रयत्न होता.

६/ आणि सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘मेदोज ग्रंथी’ आहे. ती स्निग्ध, आकाराने मोठी, वेदना अल्प. शरीर स्थूल झाले की वाढणारी, कृश झाले की घटणारी. फुटली तर तुपासारखा मेद बाहेर टाकणारी. त्वचेखालील चरबीच्या गाठीचे हे वर्णन बारकाईचे आहे. मात्र यावरून ‘आपल्याला सारे आधीच ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. गाठ एका प्रकरणात होती, रक्तस्राव दुसऱ्या प्रकरणात. पहिलीमुळे दुसरा होऊ शकतो, हे सांगायला जठराच्या आत पाहणे आवश्यक होते.

७/ लक्षणाची सांगड अवयवाशी घालण्याची रीत पक्की केली ती पादुआच्या जोव्हानी बात्तिस्ता मोर्गान्यी यांनी. १७६१ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्यांनी रोगांची ‘स्थाने आणि कारणे’ सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ७०० शवविच्छेदने होती. जिवंतपणी रोगी काय सांगत होता आणि मृत्यूनंतर आत काय सापडले, हे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय वैद्यकाला लागली. रोगाला पत्ता मिळाला. पण तो हाती येई तेव्हा रोगी गेलेला असे.

८/ याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नेपोलियन. ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर तो वारला. दुसऱ्या दिवशी त्याचे वैद्य आंतोम्मार्की यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या उपस्थितीत शवविच्छेदन केले. जठरात कॉफीच्या चोथ्यासारखा काळसर द्रव होता, म्हणजे आम्लात मुरलेले रक्त. भिंतीला मोठा व्रण होता, आणि एका ठिकाणी भिंतीला आरपार पडलेले छिद्र यकृताने झाकून धरले होते. युरोप हादरवणाऱ्या या माणसाच्या पोटात काय चालले आहे, हे तो जिवंत असताना एकाही वैद्याला पाहता आले नव्हते.

९/ आणखी एक अडचण पाहा. त्या दिवशी टेबलाभोवती उभ्या असलेल्यांकडे डोळे आणि बोटे एवढीच साधने होती. व्रण साधा की कर्करोगाचा, हे ते टणकपणावरून आणि रूपावरून ठरवत. पुढच्या दोन दशकांत पॅरिसच्या झाँ क्रुव्हेलिए यांनी १८२९ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केलेल्या भव्य चित्रसंग्रहात जठराचा साधा व्रण आणि कर्करोग यांत स्पष्ट भेद केला. १८३६ मध्ये पॅरिसमध्ये विकृतिशास्त्राचे पहिले अध्यासन त्यांनाच मिळाले. ‘जठरातले सगळेच वाईट सारखे वाईट नसते’ हा विचार अशा रीतीने चित्रांसह लोकांसमोर आला.

१०/ पुढचे पाऊल सूक्ष्मदर्शकाने टाकले. १८३८ मध्ये बर्लिनच्या योहानेस म्यूलर यांनी गाठींची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मांडली. त्यांचे शिष्य रूडोल्फ फिर्शो यांनी १८५८ मध्ये पेशी हाच रोगाचा पाया असल्याचा सिद्धान्त मांडला आणि नंतर गाठींवर बहुखंडी ग्रंथ लिहिला. चरबीची गाठ म्हणजे बव्हंशी नेहमीच्याच चरबीच्या पेशींचा साठा. ती आजूबाजूच्या अवयवांत घुसत नाही, दूरवर पसरत नाही. ‘साधी’ या विशेषणाला आता पेशींचा आधार मिळाला.

११/ येथे थोडे थांबू. ‘साधी’ हे विशेषण गाठीच्या स्वभावाबद्दल होते, तिच्या परिणामाबद्दल नव्हे. गाठ पसरणार नाही एवढेच सूक्ष्मदर्शक सांगतो. ती कोठे बसली आहे, तिच्यावरचे अस्तर किती ताणले आहे, त्या अस्तराखाली कोणती रक्तवाहिनी धावते, याबद्दल तो काही बोलत नाही. पाठीवर निरुपद्रवी असलेली वस्तू जठरात जीवघेणी ठरू शकते ती याच कारणाने. यापुढील सारी धडपड गाठीची जागा आणि स्वरूप रोगी जिवंत असताना ओळखण्याची आहे.

१२/ जिवंत जठराचे पहिले दीर्घ निरीक्षण एका अपघाताने शक्य झाले. जून १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या फरव्यापारातील तरुण कामगाराला चुकून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरातले भोक कायम राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८३३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पचनाचे ज्ञान त्यातून पुढे गेले. सेंट मार्टिन मात्र गरीब राहिला. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती शरीर लागू नये म्हणून कुटुंबाने ते कुजू दिले आणि मग खोल पुरले.

१३/ भोक नसलेल्या माणसाच्या जठरात कसे पाहायचे? १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांना तलवार गिळून दाखवणाऱ्या एका खेळियाचे उदाहरण उपयोगी पडले. मान मागे टाकली तर तोंडापासून जठरापर्यंत सरळ मार्ग होतो, हे या खेळियाला कसबाने ठाऊक होते. त्याच्या गळ्यातून ४७ सेंटिमीटर लांबीची धातूची नळी उतरवली गेली. नळी गेली, पण दिव्याचा प्रकाश खोलवर पुरेना आणि जठरातील द्रव मध्ये येई. १८८१ मध्ये व्हिएन्नात योहान मिकुलिच यांनी विजेच्या दिव्याची नळी वापरली. तरी ताठ नळी धोक्याचीच राहिली.

१४/ त्याच १८८१ मध्ये, त्याच व्हिएन्नात, शस्त्रक्रियेने मोठी मजल मारली. २९ जानेवारीला थिओडोर बिलरोट यांनी थेरेस हेलर या ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त खालचा भाग कापून उरलेले जठर आतड्याला जोडले. याआधी १८७९ मध्ये पॅरिसच्या पेयाँ यांनी आणि १८८० मध्ये पोलिश शल्यविशारद रीडिगिएर यांनी असाच प्रयत्न केला होता. दोन्ही रोगी वाचले नाहीत. हेलर शस्त्रक्रियेतून सावरल्या. सुमारे चार महिन्यांनी पसरलेल्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. पण जठर कापूनही माणूस जगू शकतो, हे सिद्ध झाले.

१५/ आता प्रश्नाचे स्वरूप पालटले. शल्यविशारदाच्या हाती सामर्थ्य आले, परंतु नेमके काय कापायचे हे कळण्याचे साधन आले नव्हते. समजा, १९०० च्या सुमारास एखाद्याला वारंवार रक्ताची उलटी होते आणि पोट उघडल्यावर जठरात गाठ लागते, तिच्यावर व्रणही आहे. ही कर्करोगाची की चरबीची? शंका घेऊन थोडेसे काढावे, तर कर्करोग मागे राहील. खात्री धरून बरेचसे काढावे, तर एका साध्या गाठीपायी माणूस अर्धे जठर गमावेल. अनेकदा सत्य कळे ते कापलेला भाग चिरून आत पिवळी चरबी दिसल्यावर.

१६/ ८ नोव्हेंबर १८९५ रोजी रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधील विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी प्राण्यांना बिस्मथमिश्रित अन्न देऊन पचनमार्गाची हालचाल पडद्यावर पाहिली. १९१० च्या सुमारास बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली. पांढऱ्या बेरियमने भरलेल्या जठरात गाठ असेल तेथे गुळगुळीत कडांची रिकामी जागा दिसे. गाठ मऊ असल्याने दाबल्यावर ती आकार बदले. ही मोठी खूण होती. तरीही ती सावलीच. सावलीवरून संशय घेता येत होता, खात्री देता येत नव्हती.

१७/ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचे काम रूडोल्फ शिंडलर यांनी नेटाने चालवले. म्युनिकमध्ये त्यांनी उपकरणकार गेओर्ग वोल्फ यांच्या साहाय्याने १९३२ मध्ये टोकाकडे वाकणारी जठरदुर्बीण सिद्ध केली. तपासणीच्या वेळी त्यांच्या पत्नी गाब्रिएल रोग्याचे डोके धरून त्याला धीर देत. शिंडलर यांचे वडील ज्यू होते. नाझी राजवटीत शिंडलर यांना अटकेत राहावे लागले. १९३४ मध्ये ते शिकागोला गेले आणि तेथे त्यांनी या तपासणीची अमेरिकन परंपरा उभी केली. जर्मनीने एक ज्ञानशाखा आपल्या हातांनी देशाबाहेर घालवली.

१८/ वाकणारी असली तरी ती दुर्बीण पूर्ण लवचीक नव्हती. जठराचे काही कोपरे तिला दिसत नसत. येथे एका भारतीयाचे नाव येते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काम करत होते. जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दोघांचा लेख आला : काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वळणावळणाने नेता येते. तो वाचून बेसिल हिर्शोविट्झ हे तरुण डॉक्टर त्यांना भेटायला लंडनला गेले.

१९/ अडचण एक होती : उघड्या तंतूंतून प्रकाश शेजारच्या तंतूत पाझरे आणि चित्र पुसट होई. मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने १९५६ च्या अखेरीस प्रत्येक तंतूला वेगळ्या काचेचे आवरण दिले आणि ती गळती थांबली. फेब्रुवारी १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी ही नवी दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशातून उतरवली, मग काही दिवसांनी रोग्याच्या. आज घराघरांत ‘पोटात दुर्बीण घातली’ असे जे सहज बोलले जाते, त्यामागे हा सारा प्रवास आहे.

२०/ दुर्बीण आली तरी या गाठीने डॉक्टरांना चकवणे सोडले नाही. ती असते अस्तराखाली आणि चिमट्याने घेतलेला तुकडा येतो अस्तराचा. अहवाल येतो : ‘काही विशेष नाही.’ म्हणून डॉक्टरांनी हाताच्या खुणा शोधल्या. मिटलेल्या चिमट्याने दाबले की गाठ उशीसारखी दबते आणि पुन्हा वर येते. ही ‘उशीची खूण’. वरचे अस्तर चिमट्यात धरून ओढले की तंबूसारखे उचलले जाते. एकाच जागी पुन्हा पुन्हा तुकडा घेतला की आतून पिवळी चरबी डोकावते. दंडावरची गाठ बोटाने चाचपण्याचीच ही रीत, फक्त आता बोट घशातून खाली गेले आहे.

२१/ निर्णायक उत्तर मिळाले ते सीटी स्कॅनमुळे. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रोग्याचे चित्र घेतले. १९७९ चे नोबेल त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना मिळाले. या यंत्रात प्रत्येक ऊतीची घनता अंकांत मिळते. पाण्याला शून्य धरले तर चरबी साधारणपणे उणे ७० ते उणे १२० या दरम्यान येते. गाठीचा अंक या पट्ट्यात आला आणि ती एकसंध दिसली, की ती चरबीचीच आहे हे पोट न उघडता बहुधा खात्रीने सांगता येते.

२२/ परिणाम काय झाला? लहान आणि मुकी गाठ आज तशीच सोडून देता येते. त्रास देणारी गाठ अनेकदा दुर्बिणीतूनच किंवा पोटाला लहान छिद्रे पाडून, तेवढीच काढता येते. अर्धे जठर गमवावे लागत नाही. रक्तस्राव चालू असताना रोग्याला तग धरता येतो तो कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिलेल्या रक्तगटांमुळे, कारण त्याविना सुरक्षित रक्त देणे अशक्य होते. आणि वर्तमानातील एक सूचना : काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास घरी कारणे शोधत बसू नये, तातडीने डॉक्टरांकडे जावे.

२३/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी यात एक इशारा आहे. बखरी, पत्रे, वखारींच्या नोंदी यांत ‘रक्ताची उलटी झाली’, ‘रक्त पडून मृत्यू आला’ असे उल्लेख भेटतात. त्यावरून कोणी विषप्रयोग सिद्ध करतो, कोणी कर्करोग. पण रक्त हे लक्षण आहे. त्यामागे व्रण, यकृताचा विकार, कर्करोग किंवा एखादी चरबीची गाठही असू शकते. नेपोलियनचे जठर उघडून पाहिले गेले, शवविच्छेदनाचे लेखी वृत्तान्त उरले, तरीही त्याच्या मृत्यूबद्दल दोन शतके वाद चालला. मग ज्याचे जठर कोणी पाहिलेच नाही, त्याच्या रोगाचे नाव एका ओळीच्या आधारे कसे सांगावे?

२४/ ‘गाठ साधी आहे’ हे तीन शब्द आज डॉक्टर सहज उच्चारतात. ते उच्चारण्याचा अधिकार मोर्गान्यींच्या टेबलावरच्या शेकडो मृतांनी, सेंट मार्टिनच्या न बुजलेल्या भोकाने, तलवार गिळणाऱ्या खेळियाने आणि थेरेस हेलर यांनी मिळवून दिला आहे. वैद्यकाचा इतिहास वाचताना शोध लावणाऱ्यांच्या नावांबरोबर ही नावेही लक्षात ठेवावीत.

धागा येथे पूर्ण झाला. शंका, दुरुस्त्या आणि भर यांचे स्वागत आहे. उपयुक्त वाटल्यास इतरांपर्यंत पोहोचवावा. 🙏